भजनी मंडळाच्या कार्यक्रमातून गावातल्या अडलेल्या घराला मदत कशी करायची, आमच्या अनुभवावरून

आमचं महिला भजनी मंडळ यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका लहान गावातलं. चौदा बाया, एक पेटी, मृदंगावर आमचे काकाजी, बाकी टाळ, झांज आणि दोन खंजिऱ्या. हिवाळ्यात आम्ही आजूबाजूच्या गावांत भजनाचे कार्यक्रम करतो आणि जे जमा होते ते गावातल्या अडलेल्या घरांसाठी बाजूला ठेवतो. दुसऱ्या गावच्या बाया भेटल्या की विचारतात, ताई आम्हाले पण करायचं आहे पण सुरुवात कुठून करू, फोनवर एवढं सांगणं होत नाही म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. जिथं आम्ही चुकलो ते पण लिहिते कारण त्यातूनच जास्त शिकायला मिळालं.

आपल्या विदर्भात हे काही नवीन नाही. शेणगावचे गाडगेबाबा दिवसभर खराट्यानं गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे, त्या कीर्तनाला जमलेल्या लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या, शाळा झाल्या. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावंच्या गावं जागी केली, आजही गावोगाव गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना चालते. म्हणजे लोकांना भजन आणि सेवा एका जागी पाहायची सवय आहे, तुम्हाला ते पटवून द्यावं लागत नाही. फक्त नीट करावं लागते.

आधी घर ओळखा, पण गाजावाजा न करता

कोणाला मदत लागते हे मीटिंग घेऊन ठरवू नका. आशाताईला विचारा, अंगणवाडीच्या ताईला विचारा, शाळेच्या गुरुजींना विचारा, रेशन दुकानात उभ्या राहा, समजते. कोणत्या घरचं लेकरू चार दिवसापासून शाळेत आलं नाही, कोणत्या म्हातारीचा बीपीच्या गोळ्यांचा पत्ता संपला आणि पुढचा आणायला कोणी नाही, हे या माणसांना बरोबर माहीत असते. आमच्याकडं मंडळातल्या तिघीच ही नावं जाणतात, वही एकीच्याच घरी राहते, बाकीच्या अकरा जणी विचारत पण नाहीत. सुरुवातीला यावरून थोडी कुरबूर झाली होती, आता नाही होत.

आपल्याकडं पहिलं डोळ्यासमोर येते ते शेतकरी आत्महत्या झालेलं घर. लोकांना वाटते त्यांना सरकारकडून एक लाख मिळतातच. तसं नाही. सरकारी मदत १ लाखाची आहे, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून, पण त्याआधी जिल्ह्याची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. शेती नावावर पाहिजे, कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवाना असलेल्या सावकाराचं पाहिजे, आणि वसुलीचा तगादा दिसला पाहिजे. आता ज्यानं दुसऱ्याचं वावर मक्त्यानं केलं, किंवा बिनापरवान्याच्या माणसाकडून पैसे उचलले, त्याचं घर अपात्र निघते. नवरा तर गेलाच, कर्ज तसंच डोक्यावर, आणि कागदावर ती बाई शेतकऱ्याची विधवा पण नाही. आमच्या वहीत सगळ्यात वरती अशीच घरं आहेत.

त्याच्याखाली एकटे म्हातारे, ज्यांची मुलं पुण्याला नाहीतर सुरतला कामाला गेली. मग दिव्यांग लेकरू असलेलं घर. यात जात, पक्ष, कोण भजनाला येते कोण येत नाही, हे अजिबात पाहू नका, एकदा पाहिलं की मंडळाची पत गेलीच समजा.

पैसे देण्याआधी कागद

हे मी ठासून सांगते. मंडळाकडून दोन हजार दिले तर एक महिना निघते, पण बाईचा निराधारचा अर्ज मंजूर झाला तर दर महिन्याला १५०० येतात. संजय गांधी निराधार योजनेत विधवा, दिव्यांग, निराधार बसतात, दिव्यांगांची रक्कम आणि उत्पन्नाची अट वेगळी आहे, बाकीच्यांचं वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत पाहिजे. पासष्टीच्या वरच्यांना श्रावणबाळ योजना आहे. घरचा कमावता माणूस १८ ते ५९ वयाचा असताना गेला आणि घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल तर कुटुंब लाभ योजनेचे एकदाच २० हजार मिळतात, हे तर कित्येक घरांना माहीतच नसते. आणि सातबारावर वारसाची नोंद, ते तलाठ्याकडं जाऊन लवकरात लवकर करून घ्या, नाहीतर दीर-सासऱ्याच्या भांडणात बाईचं नाव राहूनच जाते.

यात मंडळाचा पैसा कुठं लागतो ते सांगते. तहसीलला तीन तीन चकरा होतात, दर चकरेला एक दिवसाची निंदणाची नाहीतर कापूस वेचायची मजुरी बुडते, एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे तरी लागतेच, उत्पन्नाचा दाखला, झेरॉक्स, फोटो, सेतूचा खर्च, त्यात आधार बँकेला लिंक नसलं की अजून एक चक्कर. ती बुडालेली मजुरी आणि हा बारीक खर्च आम्ही देतो, आणि मंडळातली एक जण सोबत जाते. सोबत जाणं पैशापेक्षा मोठं आहे, कारण एकटी बाई टेबलावरून उद्या या ऐकून परत येते, दोघी असल्या की उद्या कशाला, आजच सांगा काय कमी आहे, असं विचारायची हिंमत होते. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, म्हाताऱ्यांच्या बाबतीत ती तारीख पण वहीत लिहून ठेवा, तो राहिला की पैसे बंद होतात आणि ते बिचारे सहा महिने बँकेत जाऊन पासबुक भरून पाहत बसतात.

पैशाच्या आधी जाऊन बसा

आमच्या गावच्या शेवटी एक घर आहे. सोयाबीनच्या हंगामात त्या घरचा माणूस गेला. तेरवी झाल्यावर नातेवाईक गेले आणि त्या घराकडं कोणी फिरकेनाच, लोकांना काय बोलावं समजत नाही म्हणून लोक रस्ता बदलतात. आम्ही पाच जणी गेलो, एक एकतारी आणि दोन जोड टाळ, खंजिरी नाही, माइक नाही. सासू ओसरीत बाजेवर पडलेली, सून आतच. आम्ही काही विचारलं नाही, खाली बसलो आणि हळू आवाजात सुरू केलं. दुसऱ्या भजनाला ती आतल्या दारात येऊन उभी राहिली, चौकटीला हात टेकवून, आणि मी पाहिलं तर तिची बोटं चौकटीच्या लाकडावर तालात पडत होती. बोलली नाही, रडली नाही. निघताना पोरीनं सगळ्यांना पाणी दिलं आणि ती एवढंच म्हणाली, "मावशी, उद्या येता का?"

तर घरी भजनाला जाताना काही गोष्टी पाळा. पाच जणींच्या वर जाऊ नका. ज्या घरात नुकतंच मरण झालं तिथं संसार खोटा आहे, देह नाशवंत आहे, असे अभंग म्हणू नका, अर्थ कितीही मोठा असला तरी त्या बाईला ते टोचते. पाळणे म्हणा, गवळण म्हणा, देवीची गाणी म्हणा. कसं झालं, कर्ज किती होतं, असं विचारू नका, तिला सांगायचं असलं तर ती सांगेल, आणि सांगू लागली की टाळ खाली ठेवून ऐका. मरणाच्या, आता काही उरलं नाही अशा गोष्टी कोणी बोलत असेल तर भजनानं सगळं ठीक होईल म्हणून सोडू नका, त्या माणसाला एकटं ठेवू नका, आशाताईला सांगा, दवाखान्यात न्या, आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात बोलायचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते, तो त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

म्हाताऱ्यांच्या घरी वेगळं. ज्या कानानं ऐकू येते त्या बाजूला बसा, लय संथ ठेवा, झांज नका वाजवू. आणि त्यांनाच विचारा, आजी तुम्हाले जात्यावरचं येते का. एक आजी, नाव विचारलं तर स्वतःच्या लेकाचं नाव पण आठवत नव्हतं, तिनं जात्यावरच्या सतरा ओव्या सलग म्हटल्या, हात तसाच जात्याच्या खुंट्यावर धरल्यासारखा गोल फिरत होता. आमच्या एकीनं त्या मोबाइलमध्ये रेकॉर्ड केल्या, त्यातल्या पाच आम्ही आता कार्यक्रमात म्हणतो आणि त्या आजीला आधी विचारूनच म्हणतो.

रियाज आणि साज

लोक देतात ते दयेनं देतात म्हणून गाणं कसंही चालते, असं मनात आणू नका. चांगलं ऐकायला मिळालं तर पुढच्या वर्षी तेच गाव पुन्हा बोलावते. आम्ही आठवड्यातून दोन दिवस, जेवणं झाल्यावर, मारुतीच्या देवळात दीड तास बसतो. पट्टी, म्हणजे कोणत्या सुरात गायचं ते, पेटीवर आधी ठरवा. बायांच्या मंडळाला काळी चार बरी पडते, पण आमच्यात साठीच्या वरच्या पाच जणी आहेत, त्यांचा आवाज वर चढत नाही, जोर लावला की किंचाळल्यासारखं होते, म्हणून आम्ही काळी तीनवर आलो आणि सगळ्यांचा आवाज मोकळा झाला. मृदंग त्या पट्टीला लावून घ्यायचा, मध्येच पट्टी बदलली तर मृदंग बेसूर बोलते आणि काकाजींचा मूड जातो. धुमेला, म्हणजे मृदंगाच्या डाव्या बाजूला, कणीक कार्यक्रमाच्या अगदी आधी लावायची, लवकर लावली तर हिवाळ्याच्या हवेत वाळते. खंजिरीचं उलट आहे, दहिवर पडलं की चामडं सैल पडून आवाज बसतो, म्हणून बाजूला शेकोटी ठेवा आणि दोन भजनांच्या मध्ये दुरून शेकून घ्या. जुनी घोरपडीच्या कातड्याची खंजिरी कोणी देत असेल तर नका घेऊ, घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे, बकरीच्या चामड्याची नाहीतर फायबरच्या पानाची घ्या.

ज्यांना सूर लागत नाही त्यांना काढू नका, टाळ द्या. आमच्या मंडळात एक जण आहे, ती गातच नाही, पण तिचा टाळ घड्याळासारखा आहे, ती नसली की सगळ्या पळतात.

कार्यक्रम कधी ठेवायचा

हे आम्हाला उशिरा समजलं. पहिल्या वर्षी आम्ही जुलैत ठेवला होता, आषाढी म्हणून. पेरणी झालेली, बियाणं-खतात सगळ्यांचा पैसा गेलेला, लोक आले, मनापासून ऐकलं, पण द्यायला कोणाच्याच खिशात काही नव्हतं. गावात पैसा येतो तो सोयाबीन विकल्यावर दिवाळीच्या मागंपुढं, मग कापूस विकल्यावर डिसेंबर-जानेवारीत, मग तूर. त्यामुळे कार्तिकातली काकड आरती संपली की सुरू करा आणि तूर घरात येईपर्यंत चार-पाच गावं करा. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते, त्या आठवड्यात गावं स्वतःहून बोलावतात. फक्त वेचणीच्या दिवसांत बाया थकलेल्या असतात, लागोपाठ दोन रात्री कार्यक्रम घेऊ नका.

आणि गरज सगळ्यात जास्त कधी लागते, तर जूनमध्ये. आपल्याकडं उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याच वेळी पेरणी, त्याच वेळी घरातले दाणे संपत आलेले. म्हणजे जानेवारीत जमा करायचं आणि जूनपर्यंत हात लावायचा नाही, दवाखान्याचं तातडीचं सोडून. पाच महिने पैसा नुसता ठेवायचा याची हिंमत लागते, दर पंधरा दिवसाला कोणीतरी म्हणते द्या ना आत्ताच, कशाला ठेवता. त्यासाठीच बँकेत खातं पाहिजे.

परवानगी आणि खातं

कोणाचीही तक्रार होण्याआधी हे करून ठेवा. नोंदणी नसलेल्या मंडळानं लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणं धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच, ऑनलाइन अर्ज होतो. दरवर्षी करायचं असेल तर संस्था नोंदवून घ्या, १८६० च्या सोसायटी कायद्यात कमीत कमी सात जण लागतात, पण मग दरवर्षी ऑडिट करावं लागते हे ध्यानात ठेवा. खात्यावर तिघींची नावं आणि काढायला दोघींच्या सह्या. आमच्यातल्या बऱ्याच जणी बचत गटात होत्या त्यामुळे वही लिहायची, ठराव करायची सवय होतीच. क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच लावा, कोणाच्या नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या नंबरवर एक रुपया पण घेऊ नका.

लाउडस्पीकरला पोलीस स्टेशनची परवानगी, आणि रात्री १० च्या नंतर बंद म्हणजे बंद. आम्ही साडेसातला सुरू करतो आणि पावणेदहाला आरती.

कार्यक्रमाच्या रात्री

नमनानं सुरू करा, दोन-तीन संथ अभंग, मग गवळण, मधात एक भारूड घ्या म्हणजे लेकरं पण बसून राहतात, मग खंजिरी भजनं चढत्या लयीत. मदतीचं आवाहन शेवटी नका करू, आरती झाली की लोक चपला शोधायला उठतात. शेवटची दोन भजनं बाकी असताना करा आणि दोन मिनिटांत आटपा. आमच्या वहिनी माइकवर असं बोलतात, "मायबाप हो, आमच्याजवळ एक वही आहे. त्याच्यात नावं नाही वाचणार मी, कामं वाचते. बारावीच्या एका पोरीची फॉर्मची फी. एका आजीचा चष्मा. तहसीलच्या चार चकरा. दोन लेकरांचे शाळेचे बूट. ज्याले जे जमते ते द्या, नाही जमलं तरी भजनाले बसा." एवढंच. रडवायचं नाही, कोणाच्या दुःखाची गोष्ट सांगायची नाही.

हे नाव न घेण्याचं का एवढं पाळतो ते सांगते. पहिल्या वर्षी आम्ही गावच्या शेवटच्या त्या घरच्या सुनेला मंचावर बोलावलं होतं. साडीचोळी, नारळ, पाकीट, सरपंचाच्या हातानं, फोटो काढले, ग्रुपवर टाकले. आम्हाला वाटलं सन्मान केला. त्यानंतर ती भजनाला यायची बंद झाली, विहिरीवर दिसली तरी मान खाली. वर्षभरानं एकदा वावरात भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, पैसे कामी आले, खोटं नाही बोलत, पण तो फोटो पाहून पोट्ट्यानं तीन दिवस शाळा नाही केली, सारे त्याले म्हणत, भजनवाल्याइनं देलं म्हणे तुमाले." मी तिची माफी मागितली. ते फोटो सगळ्यांना सांगून काढायला लावले, पण तोपर्यंत ते कुठं कुठं गेले असतील. मदत घेणाऱ्याला मंचावर बोलावू नका, फोटो नका काढू, स्टेटसला नका ठेवू, देणारा म्हणत असेल की माझ्या हातानं द्यायचं आहे तरी नाही म्हणा. वरोऱ्याच्या आनंदवनात स्वरानंदवन म्हणून ऑर्केस्ट्रा आहे, त्यातले अंध, दिव्यांग, कुष्ठरोगातून बरे झालेले लोक मंचावर येतात ते गायक-वादक म्हणून येतात, लोक त्यांच्या कलेला टाळ्या देतात. मंचावर यायचं तर असं यावं. ती बाई आता आमच्यात झांज वाजवते, पण ते तिनं स्वतः ठरवलं, दोन वर्षांनी.

दानपेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोन वेगवेगळ्या बायांकडं. शेजारी एक रिकामं पोतं पण ठेवा, कारण कित्येक जण पैसे नाही देत पण पायलीभर तूर, गहू आणून टाकतात, गेल्या हिवाळ्यात एका गावात तुरीचं अख्खं पोतं भरलं. पैसे तिथंच मोजायचे, एक जण मंडळाची, एक जण त्या गावचा, एक शाळेचे गुरुजी, आणि आरतीच्या आधी आकडा माइकवर सांगायचा, धान्य पण काट्यावर वजन करून सांगायचं. टेम्पोचं भाडं, माइकवाल्याचे पैसे दानपेटीतून नका काढू. साउंड ज्या गावानं बोलावलं ते करते, आणि टेम्पोसाठी आम्ही दर महिन्याला प्रत्येकी २० रुपये वेगळे टाकतो. लोकांनी चष्म्यासाठी दिलेला पैसा डिझेलमध्ये गेला असं एकदा कोणी म्हटलं की संपलं. जूनमध्ये वाटप झाल्यावर हिशेबाचा कागद ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावतो, किती आले, कोणत्या कामाला किती गेले, नाव एकाचंही नाही.

जूनमध्ये देताना

शक्यतो वस्तू नाहीतर थेट फी भरा, पण बाईला जे लागते ते तिलाच विचारून. आम्ही एका घरी दप्तर नेलं होतं आणि त्यांना पाहिजे होतं बियाणं. शाळेची, कॉलेजची फी थेट भरून पावती घरी द्या. तुरीची दाळ करून दोन-दोन किलोची पुडी बांधा. पिशवीवर मंडळाचं नाव छापू नका, किराणा दुकानाची साधी पिशवी चालते. दिवसा जाऊ नका, दिवेलागणीनंतर जा, दोघीच जा, आणि हातात टाळ ठेवा. शेजारचे विचारतात, कुठं निघाल्या वं, तर भजनाला म्हणून सांगता येते, आणि त्या घरी पिशवी आत ठेवली की एक भजन म्हणूनच उठा.